लॅपटॉप भंगारात घालायच्या आधी

दादा, विंडोज ११ चालत नाही म्हणून लॅपटॉप भंगारात घालायची घाई करू नका. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट) संपला, म्हणजे लॅपटॉप मेला असं नाही. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही म्हणून तो विंडोज ११ घेईना, एवढंच. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकता येते; चार जीबी रॅमवर तिची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती चालते.

आधी एवढं करा:

१. सातबारा, फोटो, पोरांचे मार्कमेमो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मी न बघताच डिस्क पुसली होती. वडिलांच्या जमिनीची स्कॅन केलेली कागदं गेली, मग तहसीलला तीन खेटे.

२. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. ८ जीबीचा पुरतो, पण त्यातलं सगळं पुसलं जातं बरं का.

३. श्रीलिपीत (विंडोजवरचं मराठी छपाईकामाचं सॉफ्टवेअर) पत्रिका, बॅनर करत असाल तर विंडोज काढू नका. नुसतं युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी) टायपिंग असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्येही आहे.

इन्स्टॉल करताना बॅटरी फुल अन् चार्जर लावलेला. आपल्याकडची लाईट तुम्हाला माहितीच आहे. टर्मिनलचं (कमांड टाइप करायची खिडकी) नंतर बघू, आत्ता त्याला हात लावायची गरज नाही. प्रिंटरचं मॉडेल तेवढं कळवा.