गिट्टी, खडी आणि आजीची चंद्रकळा

नागपूरच्याच एका वाचकाचा प्रश्न: ‘मुलासाठी घरात छोटी रेल्वे मांडतोय. रुळांखाली बारीक दगड पसरायचेत. मी त्याला गिट्टी म्हणतो. पुण्याचे मेहुणे म्हणतात, ते हिंदी झालं, खडी म्हणा. खरं काय?’

‘गिट्टी हिंदी’ हे ऐकून ऐकून कान किटले. मेहुण्यांना काटोल रोडने न्या आणि गिट्टीखदान दाखवा. अख्ख्या वस्तीचं नाव ज्या शब्दावर उभं आहे, तो आपल्याला परका कसा? कुणी ‘नीरम’ही सुचवतात. तो जहाजाच्या तळाशी घालायच्या भाराचा शब्द, रुळाखाली त्याचं काय काम!

तरी तुमच्या कामाला ‘खडी’च शोभते, पण कारण वेगळं. खऱ्या रेल्वेत दगडाला गोंद लागत नाही. 20 ते 65 मिलिमीटरचे कोनेदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात. चिकटवतात ती लुगड्यावरची खडी! डिंकाचा ठसा उमटवायचा आणि त्यावर सोनेरी-रुपेरी वर्ख बसवायचा, ते खडीकाम. आजीच्या चंद्रकळेवरून बोट फिरवलं की एकेक ठिपका कणासारखा लागायचा. ही खडी ‘खटिका’, म्हणजे खडूच्या घरातली, खड्याशी तिचं नातं नाही, असं काही जाणकार ठासून सांगतात. त्यांनी ते कापड कधी हातात घेतलेलं दिसत नाही. बोटाला लागतो तो खडाच, खडीसाखरेतलाही तोच. माझ्या मते हे सगळं एकच कुटुंब आहे.

आणि तुम्ही तेच खडीकाम करणार आहात. 1:87 च्या प्रमाणात 65 मिलिमीटरचा दगड पाऊण मिलिमीटरचा होतो, म्हणजे चाळलेली चुरी. मऊ ब्रशने ती स्लीपरांच्या मधे सारा, साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा, मग निम्मं पाणी मिसळलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडा. साबण विसरलात तर गोंदाचा थेंब मोत्यासारखा गोळा होतो आणि दाणे उचलून घेतो. सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथल्या, हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको.

चुरी क्रशरवरची काळ्या दगडाची असेल तर धुऊन वाळवल्यावर तीवर आधी चुंबक फिरवा. चिकटणारे कण काढून टाका, नाहीतर ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात.