पावसात खिडकी अडते म्हणून लगेच रंधा मारू नका

ताई, तुमच्या इंदूरच्या नारायण बागेतल्या घराच्या जुन्या सागवानी खिडक्या पावसाळ्यात लागत नाहीत आणि सुतार म्हणतो, सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवा. उतरवलेल्या झडपांचे तो काय भाव देतो, एवढं आधी विचारून बघा. फुकट नेतो म्हणाला तर समजून जा, त्याचा डोळा सागावर आहे.

आत्ता पावसात रंधा मात्र मारू देऊ नका. मी मारला होता. श्रावणात झडप झकास लागली आणि दिवाळीत फटीतून करंगळी जायला लागली. इंदूरच्या थंडीत दोन महिने वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून काढले.

लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. झडपेच्या उभ्या पट्ट्या उंचीभर अखंड असतात, त्यामुळे झडप रुंदीला वाढते, उंचीला नाही. म्हणजे अख्खी उभी कड घासत असेल तर दोष ओलीचा. फक्त खालचा कोपरा घासत असेल तर झडप लोंबली आहे, आणि ती कितीही तासली तरी पुन्हा लोंबणार. कुठे घासते ते कळत नसेल तर कडेला खडू फासून झडप लावा, चौकटीवर खूण उमटेल.

आता झडप अर्धी उघडा आणि कडीच्या बाजूने वर उचला. बिजागरीपाशी हलली तर स्क्रूची भोकं सैल झाली आहेत. सुतार इथे लांब स्क्रू ठोकतात, त्याने चौकट चिरते. त्यापेक्षा भोकात फेविकॉल लावून सागाची काडी घट्ट ठोका, दुसऱ्या दिवशी सपाट कापा, बारीक छिद्र पाडा आणि स्क्रूला साबण लावून पिळा. बिजागरी पक्की असून कोपरा उघडत असेल तर कुसू, म्हणजे एका पट्टीचं दुसरीच्या खाचेत बसणारं टोक, सुटलंय. झडप उतरवून दोन्ही कर्ण सुतळीने मोजा, सारखे येईपर्यंत दाबा, मग सरस आणि लाकडी खुंटी.

बऱ्याचदा अडतो तो नुसता रंगाचा थर. पण जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, जाळू तर नकाच. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम २०१६चा, लागू झाला २०१७च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या थरांत ते भरपूर असू शकतं. पाणी शिंपडून पत्रीने खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, खपल्या ओल्या फडक्याने टिपा.

खालच्या पट्टीत पेचकस सहज घुसला तर तेवढाच कुजका भाग तिरका कापून सागाचा तुकडा जोडा. सरळ कापलात तर चिकटायला जागाच उरत नाही.

तावदानांची लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, घरी होते: खडूची पावडर आणि अळशीचं तेल, कणकेसारखं मळायचं. सियागंज बाजारात अलसी म्हणून मागा. लांबी भरण्याआधी काचेच्या खाचेला तेलाचा हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पितं आणि ती तडकते. रंग द्यायची घाई नको, वर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

रंध्याचं काम उरलंच तर ते दिवाळीनंतर. तोवर एकेक झडप उचलून बघा आणि कुठला कोपरा घासतो ते कळवा.