गोल्फ खेळताना अंगठी, बांगड्या, घड्याळ घातलेलं चालतं का?

तुम्ही विचारलंय, नवऱ्याच्या ऑफिसचा गोल्फचा दिवस खारघरला आहे, तुम्हीही नुकत्याच शिकायला लागलायत, तर साखरपुड्याची अंगठी, बांगड्या, घड्याळ घालून खेळलं तर चालेल का, की लोक हसतील?

हसत कोणी नाही आणि नियमाची आडकाठीही नाही. तरी हातातलं सगळं घरी ठेवून जा. मी तीन वर्षं रविवारी पहाटे ठाण्याहून निघून सिडकोच्या खारघरच्या कोर्सवर जाते. माझा एकेक दागिना अनुभवानेच उतरला.

अंगठी सगळ्यात वाईट. उजव्या हाताने खेळत असाल तर ग्लोव्ह डाव्या हातात येतो आणि क्लबवरची (चेंडू मारायच्या काठीवरची) खरी पकड डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांची असते. अनामिका त्यात बरोबर मधली! पहिल्याच दिवशी मी अंगठीवरून ग्लोव्ह चढवला आणि बादलीभर चेंडू मारले. रात्री पोळ्या लाटायला बसले तेव्हा बोटाच्या मुळाशी टरारून फोड आलेला. ग्लोव्ह मेंढीच्या पातळ कातड्याचा होता, खड्याच्या कोंदणाने त्याची शिवणही आतून उसवलेली. पुढच्या रविवारी काढायला गेले तर अंगठी निघेना. मे महिना, घामाने बोटं सुजलेली. बेसिनवर साबण लावून कशीबशी काढली आणि पिशवीच्या ज्या कप्प्यात टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, ठेवते त्यातच टाकली. व्हायचं तेच झालं. चौथ्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी मूठभर टी उपसल्या, दोन तिथेच सांडल्या, बाकीच्या खिशात कोंबल्या आणि पुढच्या होलवर बघते तर कप्प्यात अंगठी नाही. परत आलो. मी, कॅडी (पिशवी उचलणारा सोबती) आणि मागून खेळत येणारे दोन आजोबा, चौघं ओणवे होऊन गवत चाचपतोय. वीसेक मिनिटांनी मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर एका टीच्या टोकात अडकलेली अंगठी बाहेर आली. आजोबा काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बांगड्यांचा त्रास तुम्हाला कमी आणि दुसऱ्याला जास्त. कोणी फटका मारत असताना बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं असतं. श्रावणात हिरवा चुडा घालून गेले, तर कॅडी हळूच म्हणाला, "मॅडम, सर मारतायत, बांगड्या धरा." मग दिवसभर मी एका हाताने दुसरं मनगट धरून उभी! शिवाय काच गवतात फुटली तर माळ्यांच्या पायाला लागायची. पाटल्या फुटत नाहीत, पण मनगट वळवलं की हाडावर बसतात.

घड्याळाचंही तसंच. क्लब मागे नेताना डावं मनगट वाकतं आणि किल्लीचं टोक हाताच्या पाठीत रुततं. अमेरिकन गोल्फर बुब्बा वॉटसन 2012 साली हातात घड्याळ ठेवून मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला, पण ते मनगट त्याचं. स्मार्ट घड्याळ असेल तर एक लक्षात ठेवा. 2019 पासून अंतर मोजायला उपकरण चालतं (एखाद्या स्पर्धेने स्वतःची बंदी घातली नसेल तर), पण चढ-उतार हिशेबात धरून आकडा सांगणारी सोय वापरता येत नाही. स्पर्धेत पहिल्यांदा सापडलात तर दोन फटक्यांचा दंड आणि पुन्हा केलंत तर बाद. ऑफिसच्या खेळात एवढं कोण बघतंय म्हणा, पण सवय चांगली.

मंगळसूत्र काढायची गरज नाही. छोटं घाला आणि कॉलरच्या आत सारा. लांब असेल तर पट करायला, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलायला, वाकलात की वाट्या चेंडूवर लंबकासारख्या हलतात आणि नजर तिकडेच जाते. कानात कुड्या चालतात, झुबे नकोत.

जोडव्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा घोळ तिथे आहे. फटका संपताना सगळं वजन डाव्या पायावर येतं आणि अठरा होल चालायचे म्हणजे सात-आठ किलोमीटर सहज. त्यात बूट चेपणारा असेल तर जोडवं शेजारच्या बोटात घुसतं. पुढे रुंद असलेला बूट घ्या, नाहीतर तेवढ्यापुरती जोडवी काढा. सासूबाई विचारतील, तर त्यांना माझ्यासारखंच करंगळीच्या बाजूचा फोड दाखवता येईल.

हौस भागवायची असेल तर टोपी, गॉगल, पट्टा यांवर भागवा. आणि मार्करवर. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू उचलण्याआधी त्याच्या मागे खूण ठेवावी लागते आणि ती छोटी, माणसाने बनवलेली वस्तू असली की झालं, रुपयाचं नाणंसुद्धा चालतं. माझ्या मोत्याच्या कुड्यांपैकी एक लोकलमध्ये हरवली. उरलेली आता माझा मार्कर आहे. दांडी गवतात हलकेच रुतते आणि मोती लांबूनही दिसतो.