दिवसभर चालायचंच काम असेल तर वेगळा व्यायाम लागतो का?

तुम्ही लिहिलंय, वय 41, ऑनलाइन मालाच्या गोदामात काम, रोज 12-13 हजार पावलं होतात, तरी बायको सकाळी फिरायला जा म्हणून मागे लागते. खरंच गरज आहे का?

आहे. बायकोचं ऐका. उत्तर इथेच संपलं, पण हा वाद मी 20 वर्षं घातलाय आणि बरीच वर्षं हरलोय, त्यामुळे आता पुढचंही ऐकून घ्या.

मी मुंबईत बेस्टच्या बसवर ड्रायव्हर होतो. बरीच वर्षं 332 चालवली, कुर्ला ते अंधेरी, डबलडेकर. डबलडेकरला कंडक्टर दोन, एक खाली, एक वर. आमचा वरचा कंडक्टर म्हणजे हाडं आणि कातडी. पेटी सांभाळत तो वळणाचा अरुंद जिना गाडी चालू असताना असा चढायचा-उतरायचा की सगळे त्याला खारुताई म्हणायचे. पुढे नुसतं खारू. माझी पँट 38 ची, त्याची 28 ची. कँटीनमध्ये वडा मी घेतला की हा माझ्या पोटाकडे बघायचा. मी म्हणायचो, साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून बघ एकदा, माझी डावी पोटरी बघ, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी ओढून बघ. तो म्हणायचा, "गादीवर बसून पोटरी दाखवतोस होय?"

2009 चा मे महिना. दुपारची फेरी, जरीमरीच्या पुढे जबडा दुखायला लागला. वाटलं, दाढ असेल. घाम येत होता, पण इंजिन शेजारी घेऊन मे महिन्यात गाडी चालवताना घाम कोणाला येत नाही? पित्ताची गोळी चघळली. मरोळ नाक्याला डबल बेल पडली (सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे सोड) आणि माझ्याच्याने गिअर पडेना. खारू वरून उतरून केबिनपाशी आला, तोंड बघितलं आणि म्हणाला, "गाडी बाजूला लाव. आत्ताच्या आत्ता." पॅसेंजर शिव्या घालत उतरले. मला रिक्षात त्यानेच कोंबलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसले.

जीव वाचवला हे कबूल. पण तिसऱ्या दिवशी शहाळं घेऊन भेटायला आला आणि माझ्या बायकोसमोर काय बोलला, तर "वहिनी, बसून खाल्लं की हे व्हायचंच. आमच्यासारखं चढ-उतर केलं असतं तर?" उशाला शहाळं, नाकात नळी, उत्तर काय देणार?

त्यात माझी मुलगी पुढे फिजिओथेरपी शिकायला लागली आणि एक दिवस पुस्तकातून ओरडली, "पप्पा, तुमच्यावरच आहे हे!" लंडनच्या जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरने 1953 साली तिथल्या डबलडेकरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला होता. कंडक्टर एका पाळीत 500 ते 750 पायऱ्या चढायचे, ड्रायव्हर बसून. हृदयविकार कंडक्टरांना कमी, आणि झाला तरी उशिरा. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवणाऱ्या पहिल्या कामांत हे धरतात. मी पोरीला बजावलं, हे खारूला सांगायचं नाही. तिने सांगितलं. पुढची पाच-सहा वर्षं डेपोत मी लंडनचा ड्रायव्हर म्हणून ओळखला गेलो.

पण पोरगी माझी आहे. तिने पुढचंही वाचलं. त्याच मॉरिसने 1956 ला गणवेशांची मापं तपासली, तर तरुण ड्रायव्हरांची कंबरसुद्धा कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली! म्हणजे सगळा दोष सीटचा नाही, आम्ही पहिल्यापासूनच जरा भरलेले. आणि मॉरिस तिथेच थांबला नाही. पुढे त्याने ऑफिसात बसून काम करणारे सरकारी नोकर घेतले आणि ते कामाबाहेर काय करतात हे विचारलं. जे दमदार व्यायाम करत होते त्यांना फायदा दिसला. जे पूर्वी करायचे आणि सोडून बसले, त्यांना दिसला नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं हेच आहे. पायऱ्या नोकरीच्या होत्या. नोकरी संपली की पायऱ्या संपल्या.

मी ऑपरेशननंतर दीड महिना घरी होतो तेव्हा चालायला लागलो. सुरुवातीला नेहरूनगरमधल्या आमच्या बिल्डिंगीपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत, मध्ये दोनदा थांबून. कामावर परतल्यावर पहिल्या पाळीला पहाटे निघावं लागायचं, म्हणून दुपारी घरी आल्यावर चालायचो, जेवायच्या आधी, कारण जेवलो की आडवा होणार हे मला माहीत होतं. दम लागेल, पण बोलता येईल असा वेग. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही रमताय, चालत नाही. गोदामातल्या तुमच्या पावलांचं तेच होतं, चार पावलं, थांबा, खोकं उचला, चार पावलं. पाय दुखतात, छातीला काम पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, जो आपल्याकडे कोणी धरतच नाही. मुलीने मला खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीला हात लावून जोर एवढंच दिलंय. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी 15-15 चे तीन सेट होतात. जिमची मला चीड आहे, पण ते माझं मत, तुम्हाला आवडत असेल तर जा.

आम्ही दोघं 2018 ला रिटायर झालो. खारू कराडकडे गावी गेला. घर बैठं. शेतावर जायला मुलाची मोटरसायकल, स्टँडवर चहा, दुपारी टीव्ही. फोनवर मी म्हणायचो, चालतोस का रे? म्हणायचा, "30 वर्षं चढलोय मी, आता बस." चार वर्षांत साखर निघाली आणि गुडघे गेले.

एक सांगायचं राहिलं. छातीत, जबड्यात, हातात दुखत असेल किंवा बीपी-साखर असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, मी ड्रायव्हर आहे. आणि गोदामात खरोखर दिवसभर 20-20 किलो उचलत असाल तर ताकदीच्या व्यायामाचा भाग विसरा, त्या दिवशी पाठीला आराम द्या. खारूला साखर नोकरी सुटल्यानेच झाली असंही नाही, त्याच्या आईला होती. पण त्याच्यासमोर मी हे बोलणार नाही.

गेल्या डिसेंबरात घाटकोपरला गाड्या सोडणाऱ्या एका जुन्या स्टार्टरच्या मुलीचं लग्न होतं, हॉल पहिल्या मजल्यावर. खारू मधल्या वळणावर कठडा धरून उभा. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. बोललो नाही. हातातली अंगठी कठड्यावर दोनदा वाजवली, टण टण.

त्याने वरून माझ्याकडे बघितलं, धापा टाकत म्हणाला, "डबल कसली मारतोस? सिंगल मार, उतारू आहेत अजून."