आयएसओ ९००१, १४००१ आणि ४५००१ एकत्र चालवता येतात का?

येतात, आणि तीन वेगळ्या फायली सांभाळण्यापेक्षा ते बरंच सोपं जातं. ही तिन्ही व्यवस्थापन यंत्रणेची आंतरराष्ट्रीय मानकं: ९००१ गुणवत्तेचं, १४००१ पर्यावरणाचं, ४५००१ कामाच्या जागच्या सुरक्षा आणि आरोग्याचं. ४५००१ हे २०१८ मध्ये आलं, तेही ९००१ आणि १४००१ च्या २०१५ च्या आवृत्त्यांसारखंच दहा कलमांच्या साच्यात. त्यामुळे कागदपत्रांचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, सुधारात्मक कारवाई यांची कार्यपद्धती एकच पुरते. हे काम लवकर उरकतं.

खरी कसोटी रोजच्या कामात लागते. समजा, भाग धुण्याचं सॉल्व्हंट बदलायचंय. क्वालिटीवाला विचारेल, भाग नीट स्वच्छ होतो का. पर्यावरणवाला विचारेल, वाफ आणि उरलेला गाळ कुठे जाणार. सेफ्टीवाला विचारेल, ते किती तापमानाला पेट घेतं, हातमोजे कुठले लागतील. हे तिन्ही प्रश्न बदलाच्या एकाच फॉर्मवर असतील आणि तिन्ही सह्यांशिवाय खरेदीची ऑर्डर निघत नसेल, तर तुमची यंत्रणा खरंच एकत्र झाली म्हणायची. नुसतं तीन मॅन्युअल एका पुठ्ठ्यात बांधणं म्हणजे बाइंडिंग!

मात्र सगळंच एकत्र कोंबू नका. पर्यावरणीय पैलू (म्हणजे कामातल्या पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या गोष्टी) आणि कामातले धोके यांचं मूल्यमापन वेगळंच ठेवा. एकच गुणांकन लावलं की दोन्ही गुळमुळीत होतात. कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग यासाठी फक्त ४५००१ मध्ये स्वतंत्र उपकलम आहे, ५.४. एकत्रीकरणात नेमकं तेच निसटतं. सुरुवात ऑडिटच्या वेळापत्रकापासून करा, मॅन्युअल शेवटी लिहा.