मातंग समाजाबाहेरच्या माणसाने हलगी वाजवली तर चालतं का?
जरूर वाजवा, पण पिढीजात वादकाकडून शिका आणि शिकवणीचे पैसे द्या. हलगी, म्हणजे काडीने वाजवायचं कातड्याचं चपटं तालवाद्य, मुख्यतः मातंग समाजाने जपली. गावगाड्यात ती वाजवणं हे त्यांच्यावर लादलेलं काम होतं. मोबदला जेमतेम धान्याचा, वर अस्पृश्यता. म्हणून वादकाला ‘ए हलगीवाल्या’ अशी हाक नको. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर त्याचं नाव छापा, मानधन इतर कलाकारांइतकंच द्या.

वाद्यही समजून घ्या. कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं, आवाज बसतो. वाजवण्याआधी हलगी कागद-गवताच्या जाळावर जरा उंच धरून सतत फिरवत शेकायची. एकाच जागी धरलीत तर कातडं करपून फाटतं. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी. हलगीच्या आवाजाची कडकडणारी धार त्या काडीची, आणि ती काडीच हाताला उशिरा बसते.