वाचक विचारतात : डोहाला तळ असतो का?

प्रश्न : निघोजला (ता. पारनेर) कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. इतका टणक कातळ पाण्याने कोरला कसा? घरची मोठी माणसं सांगतात, अशा डोहात सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही, खाली साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, असतात. यात तथ्य किती?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नुसतं पाणी हे काम करत नाही, त्याने गरगर फिरवलेले गोटे करतात. इथला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, भेगाही पडल्या. पुरात अशा खाचेवर भोवरा धरतो, त्यात अडकलेला दगड जात्यासारखा फिरून खाच खोल करतो. तो झिजला की दुसरा येतो. शेजारचे खळगे रुंदावत एकमेकांत फुटले की अरुंद घळ होते. डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरल्यावर कोरड्या खळग्यांच्या तळाशी हे गोटे दिसतात. घरी आणू नका, पुढच्या पुरात त्यांना काम आहे.

तळ असतोच. काथ्याचं सुंभ हलकं, ते तरंगतं आणि प्रवाहात तिरकं जातं. मोजायचंच तर उन्हाळ्यात, संथ पाण्यात, गावच्या जाणकाराला सोबत घेऊन. दोरीला दोनेक किलोचं वजन, दर अर्ध्या मीटरला गाठ. दोरी सैल पडली की तळ लागला, पण वजन मधल्या कपारीवर टेकलं तर माप फसवं येतं, म्हणून तीन-चार जागी मोजा.

आता आसरा. शेंदूर लावलेले सात दगड, खण, हिरव्या बांगड्या, ही ठाणी बहुधा डोहाकाठी नाहीतर विहिरीवर, म्हणजे माणूस बुडतो तिथेच. खळग्याचं तोंड लहान, पोट फुगीर, भिंती घासून गुळगुळीत, त्यावर शेवाळ. पडलेल्याला बोट रोवायलाही जागा नसते. ‘आसरा ओढतात’ ही भीती धोक्याच्या पाटीपेक्षा जास्त पोरांना वाचवत आली असावी.

माशांनाही तिचा फायदा. नदी आटली की ते डोहात तग धरतात आणि पावसाळ्यात तिथूनच पात्रभर पसरतात. आसरांच्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा रिवाज जिथे पाळला गेला तिथे बीज टिकलं. उथळ खळग्यांत मात्र पाणी तापतं, प्राणवायू घटतो. मरळ वर येऊन हवा घेते म्हणून जगते, बाकीचे बहुतेक मरतात. त्यात भात आणि निर्माल्य पडलं तर कुजताना उरलासुरला प्राणवायूही जातो. नैवेद्य पाण्यात न सोडता दगडांपाशीच ठेवावा.